आढळले नाही

रासायनिक तपासणीच्या अहवालात एक ठरलेला शेरा असतो : 'आढळले नाही'. हे दोन शब्द मी माझ्या उमेदीच्या काळात शेकडो वेळा लिहिले असतील. लिहिताना हात कधी अडखळला नाही. अडखळला तो एकदाच, आणि तोही लिहून झाल्यावर.

१९६७ सालची गोष्ट. बी.एस्सी. होऊन मी एका लहानशा तपासणी-प्रयोगशाळेत चिकटलो होतो. एका खेड्याजवळ जुन्या बॅटऱ्यांतले शिसे वितळवून त्याच्या विटा पाडणारी भट्टी निघाली होती. भट्टीपासून दीडदोनशे पावलांवर एका म्हातारीची विहीर. तिच्या दोन म्हशी एकापाठोपाठ गेल्या, तेव्हा तिने पाणी बाटलीत भरून तालुक्याला आणले आणि तिथून ते आमच्याकडे आले. आमची पद्धत साधी होती. उंच काचनळीत पाणी घ्यायचे, त्यात कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू सोडायचा, नळीखाली पांढरा कागद ठेवायचा आणि वरून डोळा लावून पाहायचे. शिसे असेल तर पाणी तपकिरी होते. पाणी तपकिरी झाले नाही. मी लिहिले : 'शिसे आढळले नाही'.

अहवाल घ्यायला म्हातारी स्वतः आली होती. मी तो तिला वाचून दाखवला. तिने पदराने तोंड पुसले आणि विचारले, "साहेब, न्हाई म्हंजी पान्यात न्हाईच, का तुमास्नी दिसलं न्हाई?"

"आजी, यंत्राने तपासलंय," मी ऐटीत म्हणालो. यंत्र कसले! एक काचेची नळी आणि माझा डोळा.

पुढे मी शिक्षकी पेशात शिरलो, छत्तीस वर्षे मुलांना रसायनशास्त्र शिकवले. पण त्या म्हातारीच्या प्रश्नाला मी दिलेले उत्तर चुकीचे होते हे मला कळायला बरीच वर्षे जावी लागली. तिचा प्रश्न एकटीचा नव्हताच मुळी. गेली दोनशे वर्षे जगातले मोठमोठे रसायनज्ञ त्याच प्रश्नाशी झगडत आले आहेत. त्या झगड्याची हकीकत दिवाळीच्या फराळाबरोबर सांगावी म्हणून हा खटाटोप. विषय विषाचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण वाचकहो, चकली हातातून खाली ठेवण्याचे कारण नाही!

आरंभही विषापासूनच करतो. १८३०च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये जॉर्ज बॉडल नावाचा एक म्हातारा शेतकरी सकाळची कॉफी पिऊन मेला. संशय नातवावर. जेम्स मार्श हा वूलिच इथल्या सरकारी शस्त्रागारातला रसायनज्ञ. त्याने कॉफी तपासली, सोमल असल्याची पिवळी खूणही त्याला मिळाली. पण खटल्याच्या दिवसापर्यंत तो पिवळा साका खराब होऊन गेला. ज्यूरीला काही पटले नाही. नातू सुटला आणि पुढे त्याने गुन्हा कबूलही केला. मार्शच्या जिव्हारी ते लागले. १८३६ साली त्याने नवी युक्ती प्रसिद्ध केली. संशयित पदार्थात जस्त आणि आम्ल घालायचे. सोमल असेल तर त्याचा वायू होतो. तो वायू पेटवून ज्योतीवर थंड चिनीमातीची बशी धरली की तिच्यावर काळसर चकचकीत आरसा उमटतो. मिलिग्रॅमचा पन्नासावा भाग सोमलसुद्धा अशा रीतीने पकडता येऊ लागला. आणि आरसा काही कोर्टात जाईपर्यंत विटत नाही.

पण गंमत अशी की, डोळा तीक्ष्ण झाला आणि नवेच संकट उभे राहिले. सोमल आता नको तिथेही दिसू लागला. चाचणीसाठी वापरायच्या जस्तात तो, आम्लात तो. पॅरिसचा नामांकित विषतज्ज्ञ ऑर्फिला याने तर निरोगी माणसाच्या हाडांतही सोमल असतो असे जाहीर केले आणि पुढे ते मागे घेतले. १८४० साली फ्रान्समध्ये मारी लाफार्ज या तरुण विधवेवर नवऱ्याला सोमल घातल्याचा खटला चालला. स्थानिक रसायनज्ञांना आधी काही सापडेना. मग पॅरिसहून ऑर्फिलाला बोलावले. त्याने सोमल दाखवला आणि बाईला जन्मठेप झाली. सारा फ्रान्स त्या खटल्याने दुभंगला होता. मला त्यातली एवढीच गोष्ट इथे हवी आहे की, जस्त व आम्ल ही स्वतः निर्दोष आहेत की नाहीत हे आधी तपासायची जरुरी त्या वेळेपासून सर्वांना पटली. नमुना न घालता तीच सगळी कृती करून पाहायची. तिला आम्ही कोरी चाचणी म्हणतो. घरात चोर शोधायच्या आधी शोधणाऱ्याचे खिसे तपासावेत, तसाच हा प्रकार. पुढची सारी कथा या कोऱ्या चाचणीभोवतीच फिरते, म्हणून वाचकांनी ती ध्यानात ठेवावी.

तिकडे जर्मनीत हायडेलबर्गला बुन्सेन आणि किर्खहोफ या जोडीने १८६०च्या सुमारास ज्योतीच्या प्रकाशाचे पृथक्करण करून मूलद्रव्ये ओळखायची रीत काढली. मिठातले सोडियम ज्योतीला पिवळी छटा देते हे आपल्या सैपाकघरातही दिसते. भाताची पेज उतू गेली की चुलीतला जाळ पिवळा होतो. या दोघांनी काय केले, एका मोठ्या खोलीच्या दूरच्या कोपऱ्यात सोडियमच्या क्षाराची तीन मिलिग्रॅमची चिमूट उडवून दिली आणि दुसऱ्या टोकाला ज्योतीकडे दुर्बीण लावून बसले. काही मिनिटांत पिवळी रेघ लखलखली. हिशेब केला तेव्हा मिलिग्रॅमच्या तीस लाखाव्या भागाहूनही कमी सोडियम त्यांना दिसत होते! पण त्यामुळेच ती रेघ जवळजवळ कायमच दिसे. पुस्तकावरची धूळ झटकली तरी दिसे. समुद्राचे मीठ हवेतून सगळीकडे पोचलेले असते, त्याला कोण काय करणार?

इथे थोडा मापांचा हिशेब सांगून घेतो, नाहीतर पुढचे आकडे नुसतेच डोक्यावरून जातील. दहा लाखांत एक भाग म्हणजे साडेअकरा दिवसांतला एक सेकंद. अब्जात एक भाग म्हणजे जवळजवळ बत्तीस वर्षांतला एक सेकंद. आणि एक लाख कोटींत एक भाग? सुमारे बत्तीस हजार वर्षांतला एक सेकंद. माझी काचनळी पहिल्या पायरीवरच, साडेअकरा दिवसांच्या आसपास, चाचपडत होती. विसाव्या शतकाच्या मध्याला रसायनज्ञ शेवटच्या पायरीकडे निघाले.

त्यातला सर्वांत मोठा उडी मारणारा म्हणजे जेम्स लव्हलॉक. लंडनजवळच्या मिल हिल इथल्या वैद्यकीय संशोधन संस्थेत तो काम करी. गोठवलेल्या पेशींना इजा का होते हे शोधताना त्याला पेशींतल्या स्निग्ध आम्लांचे पृथक्करण हवे होते. त्याच संस्थेत आर्चर मार्टिन होते. मिश्रणातले घटक एकेक करून वेगळे काढण्याच्या पद्धतीबद्दल त्यांना १९५२ साली सिंज यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळालेले. पण लव्हलॉकचा नमुना इतका अल्प की त्यांच्या यंत्राला तो दिसेना. जास्त नमुना आण, नाहीतर जास्त तीक्ष्ण यंत्र बनव, असा पेच पडला. लव्हलॉकने दुसरे पत्करले. त्याने पूर्वी वारा मोजण्याचे एक उपकरण केले होते, ते सिगरेटच्या धुराने बिघडे. ज्या दोषाने ते उपकरण अडले त्याच दोषातून त्याला वाट सापडली. १९५७ साली त्याने जे यंत्र बनवले ते तळहातावर मावेल एवढे होते. किरणोत्सारी पदार्थाच्या साहाय्याने वायूत इलेक्ट्रॉन मोकळे करायचे. त्यांचा मंद प्रवाह सतत वाहत ठेवायचा. क्लोरीनसारखी मूलद्रव्ये असलेला एखादा रेणू त्यातून गेला की तो इलेक्ट्रॉन गिळतो आणि प्रवाह दचकतो. बस्स, एवढेच. साखर, तेल, अल्कोहोल यांच्याकडे हे यंत्र ढुंकूनही पाहत नाही. पण डीडीटी समोर आले की ओरडून उठते.

डीडीटी! माझ्या पिढीला या अक्षरांची ओळख करून द्यायला नको. १९५३ साली देशभर हिवतापाविरुद्ध मोहीम सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी आमच्या कोकणातल्या घरी खाकी कपड्यांतली माणसे पितळी पंप घेऊन आली. पडवी, माजघर, देवघर, सगळ्या भिंतींवर पांढुरका फवारा मारून दारावर तारीख लिहून गेली. आई दोन दिवस कुरकुरत होती, पण त्या वर्षी घरात कुणाला हुडहुडी भरली नाही हेही खरे. त्याआधी दर पावसाळ्यात आम्हां भावंडांपैकी एकजण तरी गोधडीखाली दात वाजवीत पडलेला असे. माझी काकू तर इतकी खूश झाली की उरलेसुरले डीडीटी तिने तांदळाच्या कणगीभोवती भुरभुरले. किडे मेले. आम्ही तो तांदूळ वर्षभर खाल्ला. त्यात डीडीटी किती होते हे त्या वेळी आपल्याकडे कोण मोजणार? मोजायचे यंत्रच अजून जन्माला यायचे होते. ज्या पॉल म्यूलरने डीडीटीचा कीटकनाशक गुण १९३९ साली शोधला त्याला १९४८ साली नोबेल मिळाले होते, आणि मी त्याला आजही दूषण देणार नाही. हिवतापाने गेलेली मुले मी पाहिली आहेत.

लव्हलॉकचे यंत्र मात्र प्रयोगशाळांतून पसरले आणि डीडीटी जिकडे तिकडे दिसू लागले : पक्ष्यांत, माशांत, आईच्या दुधात. दिल्लीच्या रहिवाशांच्या शरीरातल्या चरबीची तपासणी १९६५ साली प्रसिद्ध झाली. तीत डीडीटीचे प्रमाण चांगलेच वरचढ निघाले. ते वाचताना मला काकूची कणगी आठवली होती. रेचेल कार्सन यांचे पुस्तक १९६२ साली आले आणि अमेरिकेत खळबळ उडाली. पण पुस्तकामागे उभे राहायला हे चिमुकले यंत्र नसते तर आरोप-प्रत्यारोपांपलीकडे गोष्ट किती गेली असती, मला शंका आहे.

स्वीडनमध्ये सोरेन येन्सन हा रसायनज्ञ असेच डीडीटी मोजीत होता. आलेखावर डीडीटीच्या शेजारी काही अनोळखी शिखरे उमटत. दुसरा कुणी असता तर यंत्राची खोडी म्हणून सोडून दिली असती. येन्सनने दोन वर्षे पाठपुरावा केला. संग्रहालयातल्या गरुडांची जुनी पिसे तपासली तर ती शिखरे चाळीसच्या दशकातल्या पिसांतही होती. म्हणजे हे प्रकरण डीडीटीच्या सार्वत्रिक वापराच्याही आधीचे. शेवटी १९६६ साली उलगडा झाला : विजेच्या उपकरणांतल्या तेलात वापरली जाणारी पीसीबी नावाची क्लोरीनयुक्त रसायने. येन्सनने घरच्या मंडळींचे केस तपासले. त्याच्या तान्ह्या मुलीच्या केसांतही ती निघाली. पाच महिन्यांची पोर! तिला ती आईच्या दुधातून मिळाली असावीत. दोन वर्षे शोधल्यावर सापडलेले विष घरच्या पाळण्यात निघावे, तेव्हा त्या बापाला काय वाटले असेल?

मात्र तीक्ष्ण डोळ्याने घोटाळेही कमी केले नाहीत. १९५८ साली अमेरिकेत असा कायदा झाला की, जनावरांत कर्करोग घडवणारा पदार्थ अन्नात घालायला मुळीच परवानगी नाही, प्रमाण शून्य. झाले! पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात, तिथल्या कृतज्ञता-सणाच्या तोंडावर, क्रॅनबेरी नावाच्या फळांच्या काही साठ्यांत एका तणनाशकाचा अंश निघाल्याचे सरकारने जाहीर केले. त्या सणाला क्रॅनबेरीचा मुरंबावजा पदार्थ म्हणजे आपल्या दिवाळीला करंजी. दुकानांतून माल उठला, बागायतदार हवालदिल झाले, राष्ट्राध्यक्षांच्या घरी त्या वर्षी सफरचंदाची चटणी वाढली म्हणतात. पण खरी अडचण वेगळीच होती. कायद्याला 'शून्य' हवे होते, आणि रसायनज्ञाचे शून्य दरवर्षी मागे सरकत होते. कालच्या यंत्राला शून्य दिसले ते आजच्या यंत्राला अब्जात पाच दिसते. फळ तेच, शेत तेच, खाणारा तोच. बदलले ते यंत्र. अखेर १९९६ साली कीटकनाशकांच्या अंशापुरता तो कायदा सैल करावा लागला.

आता ज्या माणसाने मला माझी चूक दाखवली त्याच्याकडे येतो. क्लेअर पॅटर्सन. अमेरिकेतल्या आयोवा प्रांतातला, १९२२ सालचा जन्म. त्याला पृथ्वीचे वय काढायचे होते आणि त्यासाठी खडकांतले व उल्केतले शिसे अचूक मोजायला हवे होते. त्याच खडकांतले युरेनियम जॉर्ज टिल्टन नावाचा जोडीदार मोजी. त्याचे आकडे हिशेबाप्रमाणे येत. पॅटर्सनचे शिसे भलतेच जास्त येई. आम्लात शिसे, काचेत शिसे, हवेतल्या धुळीत शिसे, त्याच्या स्वतःच्या केसांत शिसे. म्हणजे पुन्हा तीच कोरी चाचणी! फरक एवढाच की ऑर्फिलाने खिसे तपासले, तर पॅटर्सनने घर पाडून नव्याने बांधले. हवा गाळून आत सोडणारी प्रयोगशाळा, आम्लात उकळलेली भांडी, प्लास्टिकचे आवरण, आत येणाऱ्याला कपड्यांपासून बंधने. सोवळ्याओवळ्याचा इतका कडक आचार आमच्या आजीनेही पाळला नसेल. १९५३ साली त्याला उल्केतल्या शिशाचे खरे आकडे मिळाले. पृथ्वीचे वय सुमारे साडेचार अब्ज वर्षे! तो इतका उत्तेजित झाला की आयोवाला आईकडे गेल्यावर हृदयविकाराचा झटका येतोय असे वाटून त्याने तिला इस्पितळात न्यायला सांगितले, अशी कथा आहे.

दुसरा कुणी इथेच थांबला असता. पॅटर्सनच्या मनात मात्र प्रश्न राहिला की, आपल्याला सात वर्षे छळणारे हे शिसे आले कुठून? त्याने समुद्राचे पाणी तपासले. खोल पाण्यात शिसे कमी, वरच्या थरात कितीतरी जास्त. म्हणजे ते वरून, हवेतून, आणि अलीकडेच आलेले असले पाहिजे. १९२३ सालापासून पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग घालीत असत, इंजिन ठोकू नये म्हणून. ग्रीनलंडच्या जुन्या बर्फात खणत जाऊन त्याने व सहकाऱ्यांनी शतकाशतकांचे थर तपासले. प्राचीन थरांच्या मानाने शिसे शेकडो पटींनी वाढलेले, आणि सर्वांत उभी चढण १९४० नंतरची. १९६५ साली त्याने हे स्पष्ट मांडले. पेट्रोल आणि शिशाच्या धंद्यातल्या मंडळींना ते मानवले नाही. त्यांची बाजू मांडणारे रॉबर्ट केहो हे डॉक्टर ठामपणे सांगत की माणसाच्या शरीरात थोडे शिसे असणे नैसर्गिकच आहे. १९७१ साली हवेतल्या शिशाचा विचार करायला अमेरिकेत तज्ज्ञसमिती नेमली, तीत शिशाचा सर्वांत काटेकोर हिशेब ठेवणारा हा माणूस नव्हता!

केहोंची तुलना मला फार शिकवून गेली. ज्यांना ते 'स्वच्छ' माणसे समजत त्यांच्याही अंगात शिसे मुरलेले होते आणि मोजणाऱ्या प्रयोगशाळाही शिशाने माखलेल्या होत्या. १९८० साली पॅटर्सन व डोरोथी सेटल यांनी ट्यूना माशावर लेख लिहिला. सरकारी प्रयोगशाळेच्या आकड्यांप्रमाणे डबाबंद माशात ताज्या माशाच्या जेमतेम दुप्पट शिसे होते. यांनी सोवळ्यात मोजले, तर ताज्या माशात सरकारी आकड्याच्या हजारावा हिस्सासुद्धा नव्हते, आणि शिशाच्या डाकाने जोडलेल्या डब्यातल्या माशात ताज्याच्या सुमारे चार हजार पट! डब्याचा दोष मोजणाऱ्याच्या मळक्या भांड्यांत लपून बसला होता. हा लेख कॉलेजच्या वाचनालयात वाचला त्या दिवशी मी घरी येऊन जेवलो नाही. माझी चूक उलट जातीची होती, त्यांना नको ते दिसले आणि मला असेल ते दिसले नसेल. पण दोघांनीही आपल्या यंत्राची मर्यादा अहवालात लिहिली नव्हती.

शिसे काढलेले पेट्रोल आपल्या देशात २००० सालापासून सर्वत्र सक्तीचे झाले. जगातला शेवटचा देश अल्जीरिया, २०२१ साली. पॅटर्सन १९९५ साली वारला.

लव्हलॉकची उरलेली गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तीत यंत्र जिंकले आणि यंत्राचा जनक क्षणभर चुकला. शीतकपाटांत आणि फवाऱ्याच्या डब्यांत वापरले जाणारे क्लोरोफ्लुरोकार्बन वायू हवेत मिसळून कुठे जातात हे पाहायला तो १९७१ साली 'शॅकलटन' जहाजावरून अंटार्क्टिकाकडे निघाला. सरकारी अनुदान नाकारले गेले होते. घरी बनवलेले यंत्र बरोबर होते. भर समुद्रात, वस्तीपासून हजारो मैल दूर, प्रत्येक नमुन्यात तो वायू सापडला. एक लाख कोटी भागांत सुमारे ५० भाग. म्हणजे हवेत सोडलेला वायू जवळजवळ सगळाच तसाच शिल्लक होता. १९७३ साली हे छापताना त्याने लिहिले की यापासून कसलाही धोका संभवत नाही. पुढच्याच वर्षी मोलिना आणि रोलंड यांनी दाखवले की हा वायू वर जाऊन ओझोनचे कवच पोखरतो. १९८५ साली अंटार्क्टिकावरचे भगदाड जाहीर झाले आणि १९८७ साली माँट्रियलचा करार. आपले ते वाक्य चुकले हे लव्हलॉकने पुढे मोकळेपणी कबूल केले. २०२२ साली, आपल्या एकशे तिसाव्या नव्हे, एकशे तिसऱ्या वाढदिवशी तो गेला. (एवढ्या वयाला लेखणीही अडखळते!)

निवृत्त झाल्यावर मी त्या खेड्यात गेलो होतो. भट्टीच्या जागी शाळेचे मैदान आहे. विहीर बुजवली, तिथे चिंचेचे झाड आहे. म्हातारी जाऊन बरीच वर्षे झालेली. तिचा नातू भेटला. म्हशींची हकीकत त्याला ऐकून ठाऊक होती, पण अहवालाची नव्हती. मी ती सांगितली. तो काही बोलला नाही. आतून पाण्याचा तांब्या घेऊन आला. मैदानाच्या कडेला बोअरिंगचा हापसा होता, त्याचे ते पाणी. मी बरोबर नेलेली, आम्लाने धुतलेली बाटली त्या हापशावर भरून घेतली आणि माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या प्रयोगशाळेत दिली.

अहवाल पंधरा दिवसांनी आला. मी तो घेऊन पुन्हा गेलो. त्यावर लिहिले होते : 'शिसे – आढळले नाही'. आणि त्याखाली बारीक टाइपात : 'शोधमर्यादा – लिटरला ०.००१ मिलिग्रॅम'.

"काका, ही खालची ओळ कसली?" नातवाने विचारले.

मी ओट्यावर बसलो आणि त्याला ती समजावून सांगू लागलो.